इंचाला दोन किलो तीनशे

मराठी माणसाला त्याचं वजन विचारायची पद्धत नाही, त्याला ते सांगायची पद्धत आहे. लग्नाच्या हॉलमध्ये शिरून अक्षता हातात पडायच्या आत चार जणांनी आपल्याला डोक्यापासून पोटापर्यंत मोजलेलं असतं. (पोटाच्या खाली कोणी जात नाही, तपास तिथेच संपतो.) "सुटलास रे!" असं काका म्हणतात. "रोडावलीस गं, बरं नव्हतं का?" असं मावशी म्हणते. ही दोन वाक्यं एकाच जोडप्याला लागोपाठ ऐकू आली, तर नवऱ्याला लग्न मानवलं आणि बायकोला नाही, हा निकाल पहिली पंगत बसायच्या आत हॉलभर झालेला असतो.

या खात्यातलं सर्वोच्च न्यायालय म्हणजे आमची आत्या. उंची चार फूट दहा इंच, चष्म्याचा नंबर जबर, पण नजरेला माणूस पडला की निकाल लागला. तिच्याकडे किलो नसतात, पायऱ्या असतात. पाप्याचं पितर, काटकुळा, सडपातळ, अंगाने बरा, भरलेला, सुटलेला. त्याच्याही पलीकडे गेलेल्या माणसाला ती काहीच म्हणत नाही. "ये, बस हो. ती खुर्ची नको, ही घे," एवढंच म्हणते. वजन किती असावं याबद्दलही तिचं मत पक्कं आहे. माणूस खात्यापित्या घरचा दिसावा, पण खातो-पितो असा दिसू नये.

इतकं बारीक माप घरात असताना आमच्या भाचीने बाहेरून सूत्र आणलं. ती बी. फार्म. करते. दिवाळीत मी फराळाच्या ताटाशी नुकती कुठे ओळख वाढवत होतो, तेवढ्यात तिने विचारलं,

"मामा, तुझी उंची किती?"

"पाच सात."

"खरी?"

"पाच सहा."

"मग तुझं आदर्श वजन त्रेसष्ट किलो आठशे ग्रॅम."

आकड्याचं मला विशेष वाटलं नाही. आदर्श या सदरातल्या बऱ्याच गोष्टी आपण लांबूनच नमस्कार करून सोडून देतो. नवल वाटलं ते याचं, की हे सांगताना तिने माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं. ती चकली निवडत होती. आत्या निदान चष्मा पुसते.

सूत्र असं आहे. पुरुष असाल तर पहिल्या पाच फुटांचे पन्नास किलो. बाई असाल तर साडेपंचेचाळीस. त्यापुढे प्रत्येक इंचाला दोन किलो तीनशे, हा भाव दोघांनाही सारखा. म्हणजे स्त्री आणि पुरुष यांच्यात नेमका फरक काय, या प्रश्नावर माणसाने जेवढं काव्य आणि तत्त्वज्ञान खर्ची घातलं, ते सगळं साडेचार किलोंत बसतं.

इंचाला दोन किलो तीनशे हा भाव ऐकल्यावर मला एका जुन्या मराठी प्रथेचा शास्त्रीय आधार सापडला. लग्नाच्या बायोडेटात मुलाची उंची एक इंच वाढवून लिहितात, ती मुलीकडच्यांवर छाप पाडायला असं आपण समजत होतो. ते खोटं आहे. तो एक इंच लिहिला की सव्वादोन किलो पोट कायदेशीर होतं. दोन इंच लिहिणाऱ्या घरांत काय परिस्थिती असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

पाच फुटांच्या खाली मात्र हे सूत्र गप्प बसतं. भाची म्हणाली, काही जण तिथे इंचाला तेवढेच किलो वजा करतात. आत्यासाठी तिने केले. चाळीस किलो नऊशे. आत्याने तो आकडा पुन्हा सांगायला लावला.

"चाळीस किलोची तर माझी भांडी आली होती माहेराहून," ती म्हणाली, आणि भाचीच्या ताटात दोन अनारसे वाढले. भाची काटकुळ्याच्या पायरीवर आहे.

आता हे सूत्र कोणाच्या डोक्यातून आलं? मला वाटलं होतं, कोणीतरी मोठ्या डॉक्टराने हजारो निरोगी माणसं उन्हात उभी करून, त्यांना पळवून, त्यांची नाडी धरून हा निष्कर्ष काढला असेल. तसं काही नाही. बेन डिव्हाइन या अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली औषधशास्त्राच्या एका नियतकालिकात जेंटामायसिन या अँटिबायोटिकवर लेख लिहिला. हे औषध चरबीत फारसं मुरत नाही. त्यामुळे काट्यावर जेवढं वजन दिसतं तेवढ्याचा हिशेब धरून डोस दिला, तर जाड माणसाला तो जास्त होतो, आणि मग मूत्रपिंड आणि कान या दोघांवर बेततं. तेव्हा चरबीचा भाग सोडून उरलेला माणूस किती, याचा झटपट अंदाज हवा होता. तो अंदाज म्हणजे पन्नास अधिक इंचाला दोन किलो तीनशे. म्हणजे त्रेसष्ट किलो आठशे हे माझं वजन आदर्श आहे खरं, पण जेंटामायसिनच्या दृष्टीने. मला ते इंजेक्शन द्यायची वेळ आली तरच त्या आकड्याचा माझ्याशी संबंध. बाकी वेळ तो आणि मी आपापल्या घरी सुखी.

तरी या सूत्राला मी नावं ठेवणार नाही, कारण एका ठिकाणी ते खरोखर जीव वाचवतं. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाच्या छातीत एका श्वासाला किती हवा ढकलायची, हे याच अंकगणिताने ठरतं. फुप्फुस फार आजारी असेल तर किलोला सहा मिलिलिटर, असा हिशेब २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीनंतर रूढ झाला. हे किलो काट्यावरचे घेत नाहीत, उंची आणि स्त्री-पुरुष यांवरून काढलेले घेतात. कारण साधं आहे. माणूस सुटला तरी फुप्फुस सुटत नाही. ते होतं तेवढंच राहतं. आपल्या शरीरात इतक्या निग्रहाने वागणारा एक अवयव आहे, हे कळल्यावर मला थोडा अभिमानही वाटला.

डिव्हाइन एकटेच असते तर गोष्ट सोपी होती. पण आदर्श एक असला तर तो आदर्श कसला! पाच फुटांपासून सुरुवात करून इंचामागे काही वजन वाढवायचं, ही कल्पना त्यांच्याही आधी, १९६४ साली हॅमवी यांनी पौंडांत मांडली होती. १९८३ साली रॉबिन्सन मंडळींनी एक सूत्र काढलं आणि त्याच वर्षी मिलर मंडळींनी दुसरं. आमच्या सौभाग्यवतींची उंची पाच फूट दोन इंच. डिव्हाइनप्रमाणे त्यांना पन्नास किलो शंभर ग्रॅम मिळतात, रॉबिन्सनकडून बावन्न चारशे, आणि मिलरकडून पंचावन्न आठशेच्या पुढे. तिन्ही आकडे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मिलर बरे वाटतात." मीही घाईने माझं मिलरकडे लावून बघितलं. चौसष्ट साडेसहाशे. पाऊण किलोच्या वर सवलत. नंतर कळलं, की मिलर बुटक्यांना सैल आणि उंचांना कडक आहेत. सहा फुटी पुरुषाला डिव्हाइन साडेसत्त्याहत्तर किलो देतात, तर मिलर त्र्याहत्तरवर बोळवण करतात. तेव्हा आपण कोणत्या पक्षात जायचं हे प्रत्येकाने भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पट्टी ठेवून, पेन्सिलीची खूण करून ठरवावं.

या सगळ्यांचे आजोबा म्हणजे फ्रान्सचे पॉल ब्रोका. एकोणिसाव्या शतकातले शल्यविशारद. त्यांच्या नावावर चालणारा हिशेब तर पोरखेळ आहे. उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यातून शंभर वजा करा, उरेल तेवढे किलो. पुढे लोकांना हे फार उदार वाटलं, म्हणून पुरुषांचे आणखी दहा टक्के कापले आणि बायकांचे पंधरा. पण ब्रोकांची खरी कीर्ती वेगळ्याच कामाची आहे. मेंदूच्या डाव्या बाजूचा एक छोटा भाग बिघडला की माणसाची वाचा जाते, हे त्यांनी १८६१ साली दाखवून दिलं. त्या भागाला आजही त्यांचंच नाव आहे. पुढे वजनाचं गणित देऊन त्यांनी तोच परिणाम मेंदूला धक्का न लावता साधला. आमच्या सौभाग्यवतींचा ब्रोकांचा आकडा पंधरा टक्के कापून एकोणपन्नासच्याही आत येतो. तो मी त्यांना अजून सांगितलेला नाही. माझी वाचा शाबूत आहे.

शल्यविशारद, औषधं झाली, पण या विषयात खरा पैसा ओतला तो विमा कंपन्यांनी. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४२-४३ साली उंची-वजनाचे तक्ते काढले. कोणत्या उंचीचा, कोणत्या वजनाचा माणूस जास्त वर्षं जगतो हे त्यांच्या वह्यांवरून दिसत होतं. आदर्श माणूस म्हणजे ज्याच्याकडून हप्ते जास्त वर्षं येतील आणि ज्याच्या घरी चेक उशिरा पाठवावा लागेल तो. इतकी प्रामाणिक व्याख्या मला कुठल्याच नीतिशास्त्रात सापडलेली नाही. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर ते लाल-पिवळ्या दिव्यांचं वजनयंत्र असायचं. नाणं टाकलं की चक्र फिरायचं, खट् असा आवाज यायचा आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. त्यावर वजन छापलेलं आणि सोबत भविष्य, शिवाय एखाद्या नटाचा किंवा नटीचा फोटो. एकाच तिकिटावर वजन आणि भविष्य कसं, म्हणून आपण हसायचो. मेट्रोपॉलिटनने तेच केलं, फक्त फोटो गाळला.

त्या तक्त्यांत बांध्याचे तीन रकाने होते: लहान, मध्यम, मोठा. आपला बांधा कुठला हे कसं ओळखायचं, ते मात्र बरीच वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. हा रकाना मराठी बायोडेटातही असतो आणि तिथेही कोणी सांगत नाही. तिथे सगळ्यांचा बांधा मध्यम असतो, जसा सगळ्यांचा वर्ण गव्हाळ असतो. अमेरिकनांनी १९८३ च्या तक्त्यात एकदाचं कोपराचं हाड मोजायला सुरुवात केली. 'माझी हाडंच जड आहेत' हे आमच्या घराण्यातलं परंपरागत स्पष्टीकरण त्यामुळे धोक्यात आलं. हाडं जड असतील तर कोपर दाखवा! याच तक्त्यात कपड्यांसाठी सूट धरली होती. पुरुषांना पाच पौंड, बायकांना तीन. बायकांचे कपडे पुरुषांपेक्षा हलके असतात असं ज्यांना वाटलं, त्यांनी पैठणी नेसलेली, तोडे-पाटल्या-ठुशी घातलेली बाई काट्यावर उभी केलेली दिसत नाही.

आपल्याकडे वजनाचा हिशेब एरवी उलटाच असतो. पुढाऱ्याचा वाढदिवस आला की पेढेतुला होते, लाडूतुला होते, थोडा सुसंस्कृत पुढारी असेल तर ग्रंथतुला, आणि शाळेचा कार्यक्रम असेल तर वहीतुला. तिथे पारड्यात बसलेल्या माणसाची उंची कोणी विचारत नाही. तो जेवढा जड, तेवढी पोरांना वह्यांची चंगळ. मुंबईने याचं सगळ्यात भव्य उदाहरण बघितलेलं आहे. आगाखान तिसरे यांची १९३६ साली सोन्याने तुला झाली, तेव्हा त्यांचं वजन सुमारे दोनशे वीस पौंड भरलं. दहा वर्षांनी, मार्च १९४६ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिऱ्यांनी तुला झाली, तेव्हा ते दोनशे त्रेचाळीसच्या घरात होतं. या पैशांतून अनुयायांसाठी संस्था उभ्या राहिल्या. दहा वर्षांत दहा किलो वाढलेल्या माणसाबद्दल एवढी कृतज्ञता जगात दुसरीकडे कुठे व्यक्त झाली असेल असं वाटत नाही. आम्ही तेवढेच वाढवले तर डॉक्टर कागदावर लाल रेघ मारतात.

आमच्या डॉक्टरांचं हत्यार बीएमआय. किलोतलं वजन, भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांचं. ते होते खगोलशास्त्रज्ञ. ब्रसेल्सची वेधशाळा सांभाळता सांभाळता त्यांना सरासरी माणूस शोधायचा नाद लागला, आणि १८३०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की मोठ्या माणसांत वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कोण जाड आणि कोण बारीक याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते बिचारे आकाशाकडे बघणारे. १९७२ मध्ये अन्सेल कीज यांनी त्या भागाकाराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं आणि तो दवाखान्यात येऊन बसला. एक मात्र आहे, यात बाई-पुरुष असा भेद नाही. साडेचार किलोंचा तो जुना वादही मिटला.

पण भारतीय असा भेद आहे. जगासाठी पंचवीसच्या आत सगळं सुखरूप. भारतातल्या तज्ज्ञांनी मात्र २००९ साली ठरवलं, की आपली रेघ तेवीसवर. पाच फूट सात इंच उंचीला हा फरक जवळजवळ सहा किलोंचा होतो. म्हणजे सहा किलोंचा एक पट्टा असा आहे, की त्यात राहणारा माणूस बाहेरच्या जगात ठीक आणि दादरला जाड. मी विचार केला, लंडनला भाच्याकडे जाऊन राहावं. तर तिथल्या आरोग्य खात्याचे नियम आधीच तयार: दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांना तिथेही तेवीसचीच रेघ. इमिग्रेशनमधून सुटाल, यातून सुटणार नाही.

आणि याला पुणेच कारणीभूत आहे, हे सांगायला मला विशेष आनंद होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे संशोधक मित्र. दोघेही शिडशिडीत. २००४ साली त्यांनी 'लॅन्सेट' या मातब्बर नियतकालिकात आपला जोडीने काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. मग चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या २१.२. दुपटीहून जास्त! बाहेरून दोघे सारखेच, आतला माल वेगळा. बरं, ही चरबी बटाटेवड्यावर ढकलावी तर तीही सोय नाही. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतली बाळं जन्मतःच सरासरी पावणेतीन किलोंच्या आसपास भरतात, इंग्लंडमधली साडेतीन. हातपाय काड्या, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्यामानाने शाबूत. म्हणजे जगात येताना आपण बाकी सगळं सामान कमी केलं, पण डबा सोडला नाही. आत्याला मी हा शोध समजावून सांगितला. तिला काही नवीन वाटलं नाही. "वरून काटकुळा आणि आतून तेलकट असे आमच्याकडे दोन जावई आहेत," ती म्हणाली.

राष्ट्रीय पोषण संस्थेने हैदराबादेत एक संदर्भ पुरुष तयार करून ठेवला आहे. देशाने काय आणि किती खावं, हे त्याच्या मापाने ठरतं. त्याचं वजन आता पासष्ट किलो, उंची एकशे सत्त्याहत्तर सेंटिमीटर, वय एकोणीस ते एकोणचाळीस. त्याच्या दिनक्रमाची जी व्याख्या आहे ती वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठ तास काम, आठ तास अंथरुणात, चार ते सहा तास बसणं आणि इकडे-तिकडे करणं, आणि दोन तास चालणं, खेळणं किंवा घरकाम. या माणसाच्या चोवीस तासांत विरार लोकल कुठे बसते, ते मी बराच वेळ शोधत होतो. तरी मला त्याच्याबद्दल जवळीक वाटते. २०१० साली तो साठ किलोंचा होता. दहा वर्षांत पाच किलो त्यानेही वाढवले. फक्त त्याने सोबत उंचीही चार सेंटिमीटर वाढवून घेतली. अशी ओळख आमची कुठल्याच खात्यात नाही.

हल्ली डॉक्टर म्हणतात, वजन, उंची सगळं राहू द्या, कंबर मोजा. भारतीय पुरुषाला नव्वद सेंटिमीटर, बाईला ऐंशी. पुरुषांच्या बाबतीत म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत. हे ऐकून मी निर्धास्त झालो, कारण माझी पँट चौतिसाची आहे आणि कित्येक वर्षं चौतिसाचीच आहे. घरातून खुलासा झाला, की पँटचा नंबर तोच राहिला कारण पँट खाली सरकली. माप बेंबीच्या आसपास, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घ्यायचं असतं. तिथे मी पट्टा बांधायचं केव्हाच सोडलेलं आहे.

भाचीच्या पदवीदानाला नवी पँट शिवायची म्हणून आम्ही नाक्यावरच्या टेलरकडे गेलो. त्याने टेप गळ्यातून काढला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि अदबीने विचारलं, "साहेब, माप पोटावरचं घेऊ की पोटाखालचं?"

"दोन्ही घ्या," सौभाग्यवती म्हणाल्या.

त्याने दोन्ही घेतली. वहीत दोन आकडे लिहिले, त्यांच्याकडे थोडा वेळ बघितलं.

"कार्यक्रम कधी आहे?"

"जूनमध्ये."

"म्हणजे आंबा झाल्यावर," तो पुटपुटला, आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं: मागे माया तीन इंच.